मदत हवी आहे: 'जेकिल अँड हाइड'मधल्या दारावर उत्तर कसं लिहावं?

मुलगी इंग्लंडमध्ये जीसीएसईला (तिथली दहावीसारखी परीक्षा) आहे. स्टीव्हन्सनची १८८६ची ही लघुकादंबरी अभ्यासाला आहे. परीक्षेत उतारा देतात, पुस्तक जवळ ठेवता येत नाही, आणि उत्तर पूर्ण कथेशी जोडावं लागतं.

हाइड, म्हणजे डॉ. जेकिलचंच दुसरं, दुष्ट रूप, ज्या दाराने आत जातो त्याला ना घंटा, ना ठोकायची कडी. रंगाला फोड आलेले. ते दार जेकिलच्याच प्रतिष्ठित घराच्या मागच्या बाजूचं. दुहेरी आयुष्याचं हे प्रतीक तिला नेमकं कळलंय, समजावूनही सुंदर सांगते. तरी शेरा येतो, 'भाषेचं विश्लेषण कमी'. अवतरणं पाठ आहेत. नमुना उत्तरं वाचली, पण त्यांत बहुतेक अलंकारांची नावंच.

हा विषय शिकवणाऱ्यांना विचारते: 'ब्लिस्टर्ड' (फोड आलेलं) या एका शब्दापासून प्रतीकापर्यंत आणि तिथून व्हिक्टोरियन अब्रूच्या कल्पनेपर्यंत एकच परिच्छेद कसा न्यावा?