चरित्र, चारित्र्य, सचोटी, निःस्पृह: कुठे काय?

प्रश्न: ‘त्या नेत्याचे चरित्र स्वच्छ आहे’ असे बातमीत वाचले. इथे चरित्र की चारित्र्य? आणि ‘निस्पृह’ की ‘निःस्पृह’?

– चारित्र्यच. मराठीत चरित्र म्हणजे जीवनवृत्तांत. ते लिहितात, वाचतात. वागणुकीतून दिसते ते चारित्र्य. हिंदीत दोन्हीकडे ‘चरित्र’ चालते, भाषांतरित बातम्यांतून ते आपल्याकडे शिरले. शंका आली तर शब्दाच्या जागी ‘वर्तन’ घालून पाहा. वाक्य टिकले तर चारित्र्य लिहा.

– मात्र चारित्र्याचा अर्थ आता फार आक्रसला आहे. ‘चारित्र्यावर शिंतोडे’ म्हटले की वाचक स्त्री-पुरुष संबंधच समजतो. पैशाबद्दल बोलायचे असेल तर सचोटी म्हणा: ‘हिशेबात सचोटी’, ‘सचोटीचा कारभार’. पोलिसांच्या ‘चारित्र्य पडताळणी’त तर मुख्यतः गुन्ह्यांची नोंद आहे का, एवढेच पाहतात. म्हणून उमेदवाराच्या शपथपत्राची बातमी करताना ‘चारित्र्य डागाळलेले’ लिहू नये. ‘इतके खटले प्रलंबित, इतक्यांत शिक्षा’ असे लिहावे. खटला चालू असणे आणि दोषी ठरणे यांत फरक आहे, तो शब्दांतही राहिलाच पाहिजे.

– निःस्पृह: निस् + स्पृहा, ज्याला हाव नाही असा. विसर्गापुढे ‘स्प’सारखे जोडाक्षर आले की संस्कृतात विसर्ग गाळायची मुभा आहे, त्यामुळे ‘निस्पृह’ अशुद्ध नाही. छापील मराठीत विसर्गासह रूढ आहे, तेच ठेवावे.

खरी गल्लत निःस्पृह आणि निःपक्षपाती यांत होते. लाचेला न शिवणारा माणूसही आपल्या गोतावळ्याकडे झुकू शकतो. तो निःस्पृह असेल, निःपक्षपाती नाही. रामशास्त्री प्रभुण्यांना दोन्ही शब्द शोभतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर गादीवर बसलेल्या रघुनाथरावांनाच त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हा निःपक्षपात. मग न्यायाधीशाचे पद सोडून ते पुण्याबाहेर पडले, ही निःस्पृहता.

– आणि ‘धुतल्या तांदळासारखा’?

– तो आज बहुधा नकारातच येतो: ‘कोणीच धुतल्या तांदळासारखा नाही’. होकारात वापरला की वाचकाला टोमणा वाटतो. मनापासून स्तुती करायची असेल तर ‘निष्कलंक’ लिहा.