मदत हवी आहे: अंतरावरून उड्डाणाचा वेळ कसा काढायचा?

पर्थ (ऑस्ट्रेलिया) ते लंडन हीथ्रो या थेट विमानाला किती वेळ लागेल, ते स्वतः गणित करून काढायचा प्रयत्न करतोय. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वीची त्रिज्या 6,371 किमी धरून हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर काढणारं) लावलं. अंतर आलं साधारण 14,500 किमी. ताशी 900 किमी वेगाने भागलं तर सोळा तासांच्या थोडं वर. वेळापत्रकात मात्र सतरा तासांपेक्षा जास्त दिसतात, आणि लंडनहून पर्थला येताना त्याहून कमी!

स्थानिक वेळेचा घोळ नाही. दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलूनच वजाबाकी केली आहे. (लंडनची घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे जातात, तेही धरलंय.) जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून येताना-जाताना फरक पडतो हे समजतं. पण तो आकड्यांत कसा बसवायचा, इथेच अडलोय.

अर्ध्या तासाची चूक चालेल. वेगळं सॉफ्टवेअर नको, साध्या एक्सेलमध्ये जमायला हवं. टॅक्सी (विमानाचं विमानतळावर जमिनीवरून चालणं), चढण-उतरण आणि वळसा घालून जाणारा मार्ग यांसाठी किती मिनिटं मिळवावीत, आणि वाऱ्यासाठी वेगात दोन्ही दिशांना ताशी किती किमीचा फरक धरावा?