ट्रूफकॉल खेळायचाय, येतो मेंढीकोट: काय बदलतं?

कट्टा_डेनहाग: नेदरलँड्समधल्या आमच्या वसाहतीत सुरिनामी हिंदुस्तानी (भारतातून सुरिनामला गेलेल्यांचे वंशज) कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासोबत त्यांच्या ट्रूफकॉल या पत्त्यांच्या खेळाची एक संध्याकाळ ठरली आहे. २० जण, ५ टेबलं. मराठी मंडळींना मेंढीकोट येतो. फरक कुठे पडतो? आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या घोळक्यातच बसणार नाहीत अशी बैठक कशी लावावी?

किलवर_सत्ती: ट्रूफ म्हणजे डचमध्ये हुकूम. खेळ कोटपीस या भारतातल्या हुकमाच्या खेळाच्या जातकुळीतला आहे. ५२ पानं, चौघं, समोरासमोरचे भिडू. आधी प्रत्येकी ५ पानं वाटायची. हुकूम सांगायचा मान ज्याचा, त्याने तेवढ्याच पानांवरून हुकूम सांगायचा. मग ४-४ अशी उरलेली पानं. हुकूम सांगणाराच पहिली उतारी करतो. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकूम मारा किंवा फालतू पान द्या. १३ पैकी ७ हात आधी करणारी जोडी जिंकली. पहिले सातही हात एकाच बाजूला गेले तर कोट.

मेंढीकोटात दश्श्या जिंकायच्या असतात, म्हणून मेंढीकोटवाले अडकतात ते दश्शीपाशी. इथे दश्शीला वेगळी किंमत नाही, ती नहिलीच्या वर आणि गुलामाच्या खाली, बस्स. चौकटची दश्शी वाचवायला हुकमाचा राजा खर्च करणारा भिडू हमखास भेटतो, आणि शेवटच्या तीन हातांत तोच राजा हवा असतो.

हुकूम निवडतानाही घाई होते. पाच पानांत एका रंगाची तीन किंवा जास्त पानं येण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के आहे. म्हणजे बहुतेक वेळा दोनाच्या जोडीवरूनच निवडायचं. अशा वेळी एक्का-राजा ज्या रंगात आहेत तो हुकूम करण्यापेक्षा दुसऱ्या जोडीला हुकूम करावा. एक्का-राजा बाहेरच्या रंगात सहसा आपापले हात करतातच. तीन पानं असतील तर मात्र फार विचार नको. पुढच्या आठांत त्याच रंगाची सरासरी पावणेदोन येतात.

बदाम_राणी: पत्ते डच असतील तर आधी कोपऱ्यातली अक्षरं सगळ्यांना दाखवा. राजावर एच (हेर), राणीवर व्ही (फ्राउ), गुलामावर बी (बूर) असतं. एच म्हणजे ‘हार्ट’ समजून इस्पिकचा राजा बदाममध्ये लावून बसलेले लोक पाहिले आहेत. रंग तिकडे स्खॉपन (इस्पिक), हार्टन (बदाम), राउटन (चौकट), क्लावर (किलवर). क्लावर ऐकलं की आपला किलवर लगेच ओळखू येतो.

दुसरी गोष्ट ‘हुकूम’ या शब्दाची. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक. टेबलावर कुणी उत्तर भारतीय असेल तर ‘हुकूम खेळ’ म्हटल्यावर तो इस्पिक टाकेल. सगळ्यांनी ट्रूफच म्हणा, वाद मिटतो.

वाटायची दिशाही आधी ठरवा. कोटपीसमध्ये पानं उजवीकडे फिरतात, पण नेदरलँड्समधल्या बऱ्याच पत्त्यांच्या खेळांत डावीकडे. एकाने सवयीने उलट वाटलं तर हुकूम सांगायचा मानच चुकीच्या माणसाकडे जातो आणि डाव मोडावा लागतो.

पिसून_वाट: बैठकीचं सांगतो. १० जोड्या, प्रत्येक जोडीत एक मराठी, एक सुरिनामी. भिडू ही जागाच अशी आहे की समोरच्याच्या पानांकडे आणि चेहऱ्याकडे लक्ष ठेवावंच लागतं. भाषा अर्धवट असली तरी ‘याच्याकडे किलवर नाही’ हे चौथ्या हाताला कळतं. नुसतं शेजारी बसवून हे होत नाही.

प्रत्येक टेबलावर एक जोडी स्थिर, दुसरी दर फेरीला पुढच्या टेबलावर. पाच फेऱ्यांत प्रत्येक फिरती जोडी प्रत्येक स्थिर जोडीशी खेळते. फेरीला ८ डाव, म्हणजे चौघांनाही हुकूम सांगायचा मान दोन-दोनदा. घरगुती खेळात जिंकणारी बाजू मान राखते. ते इथे नको, नाहीतर एकच तरबेज जोडी टेबल अडवून बसते. डावाला चार-पाच मिनिटं धरा, सगळं मिळून सव्वातीन तास आणि मध्ये चहा. कोटाला किती गुण हे घराघरांत वेगळं असतं, म्हणून आधी कागदावर लिहून भिंतीला लावा. साध्या डावाला १, कोटाला २ पुरे.

कट्टा_डेनहाग: रंग असून दुसरं पान टाकलं तर?

किलवर_सत्ती: हात उलटा करून ठेवायच्या आत लक्षात आलं तर पान परत घेऊ द्या. नंतर सापडलं तर डाव समोरच्या जोडीला. म्हणून केलेले हात एकत्र कालवू नका. आडवे-उभे एकावर एक रचा, म्हणजे कुठल्या हातात कोणी काय टाकलं ते उलगडून दाखवता येतं. आणि एक, या सुरिनामी मंडळींना ‘हा आपल्याकडचाच खेळ’ म्हणून दाखवायला जाऊ नका. भारतातून मजूर नेणारं पहिलं जहाज ‘लल्ला रूख’ ५ जून १८७३ ला सुरिनामच्या पारामारिबोला पोचलं, १९१६ पर्यंत भारतातून तिकडे सुमारे ३४ हजार माणसं गेली, ती मुख्यतः भोजपुरी-अवधी मुलखातली. त्यांचा ट्रूफकॉल त्यांचा आहे. त्यांच्या घरचा नियम आपल्यापेक्षा वेगळा निघाला तर त्या संध्याकाळी त्यांचाच चालू द्या.