दोनच देशांमधली वहिवाट आंतरराष्ट्रीय कायदा ठरते का?

प्रश्न
संविधानाचा अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर जोपासायला सांगतो आणि अनुच्छेद २५३ करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदे करण्याचा अधिकार देतो. दोन्ही वाचताना असे वाटते की कायदा बाहेर तयार होतो आणि आपण तो केवळ स्वीकारतो. मग सार्वभौम देश तो घडवतो, हे नेमके कसे?

प्रतिसाद १
रोजच्या वागणुकीतून. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दाखल केलेला खटला पाहावा. दमण आणि दादरा-नगर हवेली हे दोन्ही पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश होते; दमणहून दादरा-नगर हवेलीला भारताच्या भूमीतून जाण्याची वाट भारताने १९५४ मध्ये रोखली होती. केवळ दोन देशांमध्ये स्थानिक रूढी (दीर्घ वहिवाटीतून बनलेला बंधनकारक नियम) निर्माण होऊच शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद १९६० च्या निकालात फेटाळला गेला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल विनाअडथळा ये-जा करत आले आणि १९४७ नंतर भारतानेही ते चालू ठेवले, म्हणून तेवढा हक्क मान्य झाला. सशस्त्र दले आणि दारूगोळा यांना मात्र परवानगी घ्यावी लागत असे, म्हणून तो हक्क नाकारला गेला. १९५४ च्या तणावात वाट रोखणे हे नियमनाच्या अधिकारात बसते, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. म्हणजे जो युक्तिवाद भारत हरला, त्याच्या उत्तरातूनच द्विपक्षीय रूढीचा नियम स्पष्ट झाला. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २
मराठी वाचकांसाठी एक भर घालतो. पोर्तुगालचा दावा मुळात १७७९ च्या पुणे तहावर उभा होता. पेशव्यांनी १२,००० रुपये उत्पन्नाची गावे दिली ती सरंजाम म्हणून, म्हणजे फक्त महसुलाचा हक्क म्हणून, त्यामुळे सार्वभौमत्व दिले गेले नव्हते, असाच अर्थ न्यायालयाने लावला. पोर्तुगालची सत्ता पुढे इंग्रजांनी मान्य केली.

मूळ प्रश्नकर्ता
मग ही रूढी इंग्रजांनी घडवली आणि आपल्याला ती वारशाने मिळाली, असेच म्हणावे लागेल ना?

प्रतिसाद १
बऱ्याच अंशी होय. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करणारी घोषणाही ब्रिटिश काळातली, १९४० ची होती आणि तिच्याच आधारे भारताला हेगमध्ये उभे राहावे लागले. मात्र खटला दाखल होताच, जानेवारी १९५६ मध्ये, भारताने ती बदलून स्वतःच्या अटींची नवी घोषणा केली. चालू खटल्याला तिचा उपयोग झाला नाही. पुढच्या खटल्यांसाठी मात्र भारताची संमती कुठवर आहे, हे भारतानेच ठरवले.