डीएस लाइट: लोकलच्या वीस मिनिटांत खेळण्यासारखे गेम सुचवा

खिडकीची_जागा

सेकंडहँड निन्टेन्डो डीएस लाइट घेतलाय. वरच्या खाचेत डीएसची छोटी कार्डं बसतात, खालच्या खाचेत गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिजं. दोन्ही खाचा चालू आहेत. आता गेम हवेत, आणि गरज जरा चमत्कारिक आहे.

रोज लोकलमध्ये वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. कधी बसून, कधी एका हाताने कडी धरून. स्टेशन आलं की गेम तिथेच टाकता आला पाहिजे. शनिवार-रविवारी दहा वर्षांची भाची खेळेल. तिला इंग्रजी वाचता येतं, पण पानंच्या पानं संवाद असले तर कंटाळते.

न्यू सुपर मारिओ ब्रदर्सचं कार्ड सोबत मिळालं. त्यात दोन-तीन लेव्हल जिंकून मशीन बंद केलं की पुढच्या वेळी पुन्हा पहिलीपासून! कार्ड खराब आहे का?

चार-पाचच गेम घ्यायचेत. नुसती नावं नकोत, का घ्यायचे तेही सांगा.

---

डी_पॅड

कार्ड ठणठणीत आहे, त्या गेमचा नियमच तसा आहे. शेवटचा शत्रू हरवेपर्यंत हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. बुरुज किंवा किल्ला पहिल्यांदा जिंकलात की सेव्ह करू का म्हणून विचारतो. दुसरी सोय म्हणजे नकाशावरची अडवलेली वाट. पाच स्टार कॉइन देऊन ती उघडली की तिथेही सेव्ह करता येतं. म्हणून स्टार कॉइन एकदम उधळू नका, एक-दोन वाटा मुद्दाम राखून ठेवा. एकदा गेम संपवला की हवं तेव्हा सेव्ह करता येतं. तेव्हा त्याची गरज उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण लोकलसाठी मुळात बंद करूच नका. झाकण मिटा. डीएसचा जवळजवळ कुठलाही गेम झाकण मिटताच झोपतो आणि उघडलं की त्याच उडीवर जागा होतो. झोपेत बॅटरी फार कमी खर्च होते. झोपलेल्या मशीनमधून कार्ड मात्र काढायचं नाही, काढलं तर डाव गेला.

हे फक्त वरच्या खाचेपुरतं. खालच्या खाचेतला गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचा गेम झाकण मिटल्यावरही चालूच राहतो. पिशवीत पडल्या पडल्या तुमचा हिरो मरतो आणि बॅटरीही उतरते. द मिनिश कॅप, गोल्डन सन अशा काही गेमच्या मेनूत स्लीपचा वेगळा पर्याय आहे, तो स्वतः निवडावा लागतो. त्यामुळे खालच्या खाचेसाठी गेम निवडताना पहिला प्रश्न ‘सेव्ह कसा होतो’ हाच असावा. चित्रं, संगीत वगैरे त्यानंतर.

या कसोटीवर माझी पहिली शिफारस: अ‍ॅडव्हान्स वॉर्स: ड्युअल स्ट्राइक, डीएस, २००५. पटावरचं युद्ध, आळीपाळीने चाली. घाई नाही, त्यामुळे गाडीला धक्का बसला म्हणून काही बिघडत नाही. लढाईच्या मध्यावरही सेव्ह होतो.

नवे लोक यात एकाच ठिकाणी हरतात: पहिल्याच दिवसापासून रणगाड्यांच्या मागे लागतात. हिशोब बघा. ताब्यातलं प्रत्येक शहर रोज १००० देतं आणि पायदळाची एक तुकडीही १००० ची. म्हणजे जिंकलेलं शहर एका दिवसात तुकडीचे पैसे फेडतं. मध्यम रणगाडा १६००० चा, तेवढ्यात सोळा तुकड्या येतात. शहराचे २० गुण असतात आणि तुकडीची जेवढी ताकद तेवढे रोज कमी होतात. १० ताकदीची तुकडी दोन दिवसांत शहर घेते. ताकद ७ वर आली असेल तर दोन दिवसांत १४ च होतात, म्हणजे तिसरा दिवस लागतो. मध्येच तुकडी हलवली की मोजणी पुन्हा २० पासून. म्हणून जखमी तुकडीला शहर घ्यायला धाडण्याआधी दोन अर्धमेल्या तुकड्या एकत्र करून घ्या.

६००० ची तोफ ही खरी दोस्त. दोन ते तीन घरांवरून मारते आणि तिला उलट मार बसत नाही. मात्र ज्या चालीत हलली त्या चालीत ती डागता येत नाही, आणि शत्रू चिकटला की तिच्या हातात काही राहत नाही. पुढे पायदळ आडवं उभं करा, मागे तोफ.

ड्युअल स्ट्राइक मिळाला नाही तर गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा २००१ चा पहिला अ‍ॅडव्हान्स वॉर्स घ्या. वरचे सगळे आकडे तिथेही लागू आहेत. उतरताना मेनूतून सेव्ह करून मगच बंद करायचं, एवढाच फरक.

---

कोरा_चौकोन

युद्ध-बिद्ध ठीक आहे, पण वीस मिनिटांसाठी पिक्रॉस डीएस (२००७) च्या तोडीचं काही नाही. आकड्यांवरून चौकोन रंगवायचे की चित्र तयार होतं. भाचीलाही चालेल, कारण सूचना सोडल्या तर वाचायला काही नाही.

याला डोळे बारीक करून अंदाज बांधायचा खेळ समजू नका. एकही चौकोन अंदाजाने भरायचा नसतो. दहा घरांची ओळ आहे आणि कडेला ८ लिहिलंय असं समजा. आठचा पट्टा डावीकडे सरकवला तर १ ते ८ भरतात, उजवीकडे सरकवला तर ३ ते १०. दोन्हींत सामाईक ३ ते ८, ती सहा घरं डोळे मिटून भरा. आता ‘३ ४’ घ्या. तीन, मधलं किमान एक रिकामं, आणि चार मिळून आठ. म्हणजे दोन घरांची ढिलाई. प्रत्येक पट्ट्यातून दोन वजा करा, तीनाचं एक आणि चाराची दोन घरं पक्की. मोजून बघा: तिसरं, सातवं आणि आठवं. एवढी एक युक्ती अंगवळणी पडली की १०×१० ची बहुतेक कोडी सुटायला लागतात. दुसरी सवय म्हणजे जे घर नक्की रिकामं आहे तिथे लगेच फुली मारायची. पुढची निम्मी माहिती त्या फुल्यांतूनच मिळते.

नेहमीच्या प्रकारात चूक केली की घड्याळात दंडाची मिनिटं चढतात. हलत्या गाडीत स्टायलस (पडद्यावर टेकवायची काडी) शेजारच्या घरात घसरतो आणि दंड नाहक बसतो. म्हणून प्रवासात स्टायलस खोचून ठेवा आणि बटणांनी खेळा.

---

खिडकीची_जागा

दोघांचेही आभार. मारिओचा उलगडा झाला. आता एका दुकानात कॅसलव्हेनिया: डॉन ऑफ सॉरो आणि झेल्डा: फँटम अवरग्लास स्वस्तात दिसताहेत. दोन्हींची कीर्ती मोठी आहे. उचलू का?

---

डी_पॅड

घरासाठी असतील तर खुशाल घ्या. लोकलसाठी दोन्ही चुकीचे.

डॉन ऑफ सॉरोमध्ये मोठ्या राक्षसाची ताकद संपवली तरी तो मरत नाही. त्या क्षणी स्टायलसने पडद्यावर एक मोहोर काढावी लागते, ठराविक रेषा, ठराविक क्रम, ठराविक वेळ. चुकलं की राक्षस पुन्हा थोडी ताकद भरून उभा. दादर आणि कुर्ल्याच्या मध्ये डबा डोलत असताना ती रेष सरळ येत नाही. आणि आधी बटणांवर दोन्ही अंगठे असताना स्टायलस काढायचा कुठून? त्याच चालीचा कॅसलव्हेनिया हवा असेल तर खालच्या खाचेतला आरिया ऑफ सॉरो (२००३) बघा. मारलेल्या प्राण्यांचे आत्मे गोळा करून त्यांच्या शक्ती वापरायची कल्पना तीच, मोहोरेची कटकट नाही. पण सेव्ह फक्त ठराविक खोल्यांत होतो, त्यामुळे तोही रविवारचाच. डीएसवरच हवा असेल तर पोर्ट्रेट ऑफ रुइन (२००६), तिथेही मोहोर नाही आणि झाकण मिटायची सोय मिळते.

फँटम अवरग्लास तर चालण्यापासून तलवारीपर्यंत सगळा स्टायलसवर. शिवाय मध्येमध्ये माइकमध्ये फुंकर मारावी लागते, एके ठिकाणी ओरडावं लागतं. भरल्या डब्यात करून बघा आणि कळवा. त्यातलं एक कोडं तर झाकण मिटूनच सुटतं. खालच्या पडद्यावरच्या नकाशावर वरच्या पडद्यावरची खूण ‘दाबायची’ असते. लोक अर्धा तास पडद्यावर घासत बसतात.

---

जुनाट_बटण

गेम घेण्याआधी मशीन तपासा, नाहीतर चांगला गेमही वाईट वाटेल.

डीएस लाइटची दोन दुखणी ठरलेली आहेत. एक, उजवी बिजागरी. तिथे तडा जातो, झाकण लुळं पडतं आणि पुढे वरचा पडदा लुकलुकतो. दुसरं, खांद्यावरची एल आणि आर बटणं. धूळ बसून ती दाबली तरी लागत नाहीत. फटीत जोराने हवा मारली तर बऱ्याचदा सुटतात, नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून पन्नासेक वेळा दाबायचं.

स्टायलस टेकवता एकीकडे आणि खूण उमटते दुसरीकडे असं असेल तर सेटिंगमध्ये टचचं कॅलिब्रेशन आहे. तिथवर बटणांनीही जाता येतं. पडद्याची प्रखरता चार पायऱ्यांची आहे. सगळ्यात मंद ठेवली तर नवी बॅटरी १५ ते १९ तास, सगळ्यात प्रखर ठेवली तर ५ ते ८ तास, असं कंपनीचं माप आहे. जुन्या बॅटरीचं तेवढं उरलेलं नसतं. फुगली असेल तर लगेच काढा. बॅटरीचं झाकण साध्या चौफुली स्क्रूवर आहे.

कार्ड वाचत नसेल तर तोंडाने फुंकू नका, ओल जाते आणि संपर्क काळे पडतात. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सोनेरी पट्ट्या पुसा, वाळू द्या, मग घाला.

आता नकली माल. पोकेमॉनमध्ये सर्वाधिक. खालच्या खाचेतली अस्सल कार्ट्रिज ओळखायची तर लेबलवर बोटाने चाचपा, कागदात दाबून उठवलेला दोन अंकी आकडा तिरप्या उजेडात दिसतो. मग तळाच्या फटीतून आत बघा, संपर्कांच्या वर बोर्डावर निन्टेन्डो छापलेलं असतं. पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीन यांच्या अस्सल बोर्डावर बॅटरी नसतेच. आत गोल बॅटरी दिसली की नकली, आणि ती उतरली की सेव्हही गेला.

रुबी, सफायर, एमराल्ड यांत अस्सल मालातही सीआर१६१६ बॅटरी असते. चालू करताच ‘आतली बॅटरी संपली’ असा संदेश आला तर घाबरू नका. ती फक्त घड्याळासाठी आहे, सेव्ह वेगळ्या चिपवर असतो. गेम पूर्ण खेळता येतो, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी तेवढ्या थांबतात. विकणारा यावरून भाव पाडायला तयार असेल तर फायदा तुमचाच.

डीएसवरच्या हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर यांची अस्सल कार्डं नेहमीच्या करड्या रंगाची नसतात. काळं प्लास्टिक, आणि प्रखर दिव्यासमोर धरलं की तांबूस झाक. त्यात इन्फ्रारेड आहे म्हणून. करडं कार्ड दिसलं तर पुढे बोलणीच नकोत.

---

मधली_सुट्टी

एका हाताने उभं राहून खेळायचा प्रश्न सगळ्यांनी गाळला. त्याला सरळ उत्तर आहे: फायररेड. त्याच्या पर्यायांत बटणांची मांडणी बदलता येते. ‘एल म्हणजे ए’ निवडा. डाव्या अंगठ्याने दिशा, डाव्या तर्जनीने एल. उजवा हात कडीला मोकळा. मेनूतून मागे यायला बी लागतं तेवढंच, पण तिथे घाई नसते. सेव्हही उभ्या जागी कुठेही होतो. झाकण मिटल्याने मात्र झोपणार नाही, वर लिहिलंच आहे.

भाचीसाठी मारिओ कार्ट डीएस (२००५), गाड्यांची शर्यत. वाचायला शून्य. एकाच कार्डावर आसपासचे आठ डीएस बिनतारी जोडता येतात. बाकीच्यांकडे कार्ड नसलं तरी चालतं, फक्त त्यांना शाय गाय हाच एक चालक मिळतो आणि ट्रॅक मोजके. इंटरनेटवरची शर्यत २० मे २०१४ ला बंद झाली, पण खोलीतल्या खोलीत जोडणी अजून चालते.

तिला एक गोष्ट आधी शिकवा. वळणावर आर दाबून छोटी उडी, आर धरूनच घसरत राहायचं आणि दिशेचं बटण डावं-उजवं हलवायचं. चाकाशी आधी निळ्या ठिणग्या येतात, मग तांबड्या. तांबड्या आल्या की आर सोडा, गाडी पुढे झेपावते. निळ्यांवरच सोडलं तर काही मिळत नाही, आणि नवशिके नेमके तिथेच सोडतात.

बाकी मारिओ ब्रदर्स तुमच्याकडे आहेच, तर एक गंमत. सरळ खेळत गेलात तर चौथं आणि सातवं जग नकाशात नुसतं दिसत राहतं, उघडत नाही. दुसऱ्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यातला शत्रू मिनी मारिओ (मिनी मशरूम खाऊन चिमुकला झालेला) होऊन हरवला तरच चौथं उघडतं. पाचव्या जगातला शत्रू तसाच हरवला की सातवंही उघडतं. मिनी असताना नुसत्या उडीने शत्रूला इजा होत नाही, हवेत खाली दाबून आपटावं लागतं, आणि स्वतःला एक धक्का बसला की खेळ खलास. जादा मिनी मशरूम खालच्या पडद्यावर राखून किल्ल्यात जा.

---

खिडकीची_जागा

ठरलं. ड्युअल स्ट्राइक, पिक्रॉस, मारिओ कार्ट आणि अस्सल मिळालं तर फायररेड. जुनाट_बटण, दुकानात मारिओ कार्ट घालून आर तपासता येईल ना?

---

जुनाट_बटण

त्याहून चांगली तपासणी नाही. शर्यत सुरू करा आणि सरळ रस्त्यावर आर दहा वेळा दाबा. दहाही वेळा गाडीने उडी मारली पाहिजे. नऊ वेळा मारली तर घरी येऊन फवारा मारा. पाचच वेळा मारली तर बटणाखालचा स्विच गेलाय. तो बदलायला मशीन पूर्ण उघडावं लागतं, त्यासाठी तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग स्क्रू-ड्रायव्हर हवा, आणि सुटा स्विच डाग देऊन बसवावा लागतो. तेवढी मजुरी भावातून आधीच वजा करून मागा.