अपघात समोर झाला तर आधी काय करायचं?

घोडबंदरकर: काल मानपाड्याजवळ बाईकवाला पडला, मांडीतून भळाभळा रक्त, पंधरावीस जण नुसते मोबाईल काढून उभे आणि मीपण त्यातलाच, पोलिसांचं लफडं नको म्हणून हातच लावला नाही. सोसायटीत ट्रेनिंग ठेवावं म्हणतोय, काय शिकवतात?

वाशीची_ताई: आधी १०८ लावा. मग जखमेवर स्वच्छ कापड, ओढणीपण चालेल, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं.

रिक्षावाला_ठाणे: पोलिसांचं टेन्शन सोडा, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलंय, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायचीसुद्धा सक्ती नाही. हेल्मेट मात्र खेचून काढू नका राव, आणि तोंडात पाणी ओतायची आपली खोड आधी बंद करा.

घोडबंदरकर: पाणी तर मीच आणून दिलेलं…