मदत हवी आहे: पिण्याच्या बोअरभोवतीचा पट्टा घाणीपासून कसा राखायचा?

नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमच्या वस्तीचं पिण्याचं पाणी एकाच बोअरवर आहे आणि आता चढाच्या बाजूला घरं वाढतायत, प्रत्येकाचा शोषखड्डा, शिवाय शेतात युरिया. पाणी टेस्ट केलं तर नायट्रेट (खत आणि मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार) निघालं, अजून जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत आहे पण दरवेळी वरच सरकतंय. काहीजण म्हणतात क्लोरीन टाका, उकळून प्या, काय घाबरता! अहो क्लोरीनने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, आणि उकळलं तर पाणी आटून उलट जास्तच दाट होतं, बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना तेच धोक्याचं. बोअरचा ओटा फुटलाय, केसिंगच्या (बोअरमधल्या पाइपच्या) कडेच्या भेगेतून पावसाचं गढूळ पाणी सरळ आत उतरताना दिसतं, ते सील करून घेतोच आहोत. पण खडक भेगांचा असेल तर शोषखड्डा किती लांब हवा हे नुसतं फुटांत ठरवता येतं का, की पाणी कुठून येतं ते आधी भूजलाच्या जाणकाराकडून तपासून घ्यायचं? आणि ज्यांची जमीन त्या पट्ट्यात येते त्यांना खत कमी करायला कोणी कसं तयार केलंत? जबरदस्ती नकोय, भांडणं होतील. अनुभव असेल तर सांगा प्लीज.